डबी रिकामी करायची वेळ

११ फेब्रुवारी

हिच्या डबीनं आज जेवणाच्या आतच मान टाकली. दारात भाजीवालीशी घासाघीस चालली होती. "अहो बाई, परवा तर तुम्ही..." एवढं बोलली आणि बंद. ही बटणं दाबत उभी राहिली. भाजीवालीनं तेवढ्यात आपल्या मनाजोगं तोलून पिशवीत टाकलं आणि गेली. हिला इतका संताप आला की पिशवी उंबऱ्यावर तशीच टाकून आत निघून गेली. भाजी मी उचलून आणली. वांगी किडकी निघाली.

डबी म्हणजे हिचं बोलायचं यंत्र. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची पेटीच काढावी लागली. त्याआधी लेकीनं हट्ट धरून हिला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि वाक्यंच्या वाक्यं वाचून घेतली. त्यावरून एका कंपनीनं हिचा आवाज तयार करून या डबीत घातला. पडद्यावर टाईप करायचं, बटण दाबायचं, की डबी हिच्या आवाजात बोलते. थोडं सपाट, सर्दी झाल्यासारखं, पण हिचंच. "अहो" तर अगदी तस्सं. आता ती कंपनी बुडाली. आवाज डबीतून बाहेर काढता येत नाही, लेकीनं नाना खटपटी करून बघितल्या. म्हणजे डबी आहे तोवर हिचा आवाज आहे.

लेकीनं मोबाईलमध्ये दुसरी सोय करून दिली होती. त्यात कुणी तरणी बाई बातम्या दिल्यासारखी बोलते. हिनं एकदाच ऐकलं आणि पाटीवर खडूनं लिहिलं, "या बाईला माझ्या घरात घेऊ नका." विषय संपला.

तर आजपासून डबीची बॅटरी माझ्या ताब्यात. उगाच नाही म्हणत. बंदरावर बॅटरीची खोली मी सांभाळली, निवृत्त होईपर्यंत. क्रेनवाले, मुकादम, सगळ्यांचे वॉकीटॉकी माझ्या हातून भरून जायचे. मला सेलमास्तर म्हणायचे. माझ्याकडचा सेल कधी पाळीच्या मध्यात मेला, असं कुणी छातीठोक सांगून दाखवावं. रोज नोंद लिहायची सवय तिथलीच. लेकीनं दिलेली ही डायरी कोरी पडली होती, ती कामाला आली.

१२ फेब्रुवारी

रोग सापडला. हिची भरायची पद्धतच चुकीची. येताजाता चार्जर लावते, निम्मी भरली की काढते, पुन्हा लावते. अशानं सेलला वाईट खोड लागते. अर्ध्या ताटावर उठायची सवय लागलेल्या माणसाला पुढे अर्ध्यातच ढेकर येतो, तसं. बंदरावर भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं : तळ दाखवल्याशिवाय भरायचं नाही. आधी पार रिकामी करायची, मग काठोकाठ भरायची. की सेल पुन्हा तरणाताठा.

हिला समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि डबीवर म्हणाली, "तुमची ती खोली बंद होऊन किती वर्षं झाली?"

म्हटलं, "खोली बंद होते. विद्या बंद होत नाही."

"बरं," म्हणाली. हिच्या "बरं"मध्ये काय काय भरलेलं असतं ते लग्न झाल्यापासून मी ऐकतोय. डबीतूनही ते जसंच्या तसं येतं. कमाल आहे त्या कंपनीची.

१४ फेब्रुवारी

एरवी ही डबी चार वाक्यांत मान टाकते, आणि आता मुद्दाम उतरवायचीय तर उतरेना. भाजीवालीचा धसका घेऊन ही हात राखून बोलत होती, त्यामुळे संध्याकाळी बघतो तर छत्तीस टक्के शिल्लक. छत्तीसवर चार्जर लावला तर केलेलं सगळं पाण्यात.

म्हटलं, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. पेपर वाचून दाखव."

गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या. हिनं पेपर मांडीवर घेतला आणि टाईप करकरून डबीकडून वाचून घ्यायला लागली. भाड्यानं देणे आहे. हरवला आहे. दुःखद निधन. वरच्या मजल्यावरची मास्तरीण कठड्यावरून वाकून विचारायला लागली, कोण गेलं? हिला हसू आवरेना. हसताना हिचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. दिवे लागेपर्यंत सात टक्क्यांवर आणली. मग "अ आ इ ई" म्हणायला लावून संपवली आणि रात्रभर भरायला लावली. समाधान वाटलं. बऱ्याच वर्षांनी आपलं काम केल्यासारखं.

१९ फेब्रुवारी

पेपरचा कंटाळा आला म्हणून ही आता मनचं बोलते. आज हिच्या माहेरच्या घराच्या जिन्याबद्दल सांगितलं. तिसरी पायरी सैल होती आणि रात्री कोण उशिरा आलं ते तिच्या आवाजावरून हिच्या आईला कळायचं, वगैरे. बरंच लांबलं. एकतीसवरून बारावर. वेग चांगला आहे. लांब वाक्यांना जास्त खाते असं दिसतं, म्हणून म्हटलं, लांब लांब बोल.

२३ फेब्रुवारी

आज एक नवीनच ऐकलं. लग्नाआधी हिची टेलिफोन कचेरीत निवड झाली होती. पन्नास मुलींतून घेतलं होतं. "आवाजावरून," म्हणाली. "साहेब म्हणाले, या मुलीचा आवाज ऐकला की भांडायला आलेला माणूस नमस्कार करून फोन ठेवील."

म्हटलं, "मग?"

"मग तुमचं स्थळ आलं."

"मग बरंच झालं की!"

हिची बोटं पडद्यावर तशीच थांबली. मी म्हटलं थांबू नको, सहा टक्के आहेत, एका दमात होईल. तेव्हा पुन्हा टाईप करायला लागली. "ती नोकरी सोडल्याचं मला वाईट नाही वाटलं. पण तुमच्या घरी आल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही मला..." आणि डबी बंद!

"उतरली एकदाची!" म्हणून मी टाळीच वाजवली. लगेच नेऊन चार्जरला लावली. उशीर केला की तळाशी राहिलेला सेल आंबतो.

२ मार्च

हल्ली चहा झाला की गॅलरीतल्या खुर्च्या ही स्वतःच मांडते. काल तर केस विंचरून बसली होती. म्हटलं कुठे निघालीस? म्हणाली, "डबी रिकामी करायला."

आणि फरक पडतोय. पूर्वी उतरवायला दिवेलागण व्हायची, आता अर्धा तासही लागत नाही. सेल मोकळा झाल्याची खूण आहे ही. गरमही होते हाताला, म्हणजे आतली सुस्ती जळतेय. लेक फोनवर म्हणाली, आई हल्ली खूश दिसते. म्हटलं बाप कोण आहे, बघ.

८ मार्च

लेकीला सहज आपली पद्धत सांगितली. ती फोनवर किंचाळलीच. "बाबा, ही लिथियमची बॅटरी आहे! तुमच्या बंदरावरच्या निकेलच्या वेगळ्या. ही पूर्ण उतरवायची नसते. वीसच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या वर फार ठेवायची नाही. मधेमधे थोडी थोडी भरलेलीच हिला मानवते. आणि गरम होऊ द्यायची नाही. तुम्ही रोज तिचा जीव घेताय!"

माझं डोकं फिरलं. कालची पोर, हिला सेल म्हणजे काय ते मी दाखवलं, खोलीवर कडेवर घेऊन जायचो. म्हटलं, "तुझ्या बापानं आयुष्य घातलंय यात." ती म्हणाली, "म्हणूनच तर." फोन ठेवून दिला मी.

संध्याकाळी गॅलरीत बसलो, पण माझं लक्ष नव्हतं. पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होतो. चोवीस होता, ही एक वाक्य बोलली आणि एकदम नऊ. असं कसं? मधले आकडे गेले कुठे?

११ मार्च

बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे डबी घेऊन गेलो. हा दुकानात बसून दिवसभर क्रिकेट बघतो. मान वर न करता डबी उलटसुलट केली, कसलीतरी वायर लावली आणि म्हणाला, "काका, हिला रोज तळाला कोण नेतंय?"

मी म्हटलं, "आहेत एक ओळखीचे. त्यांनी सांगितलं."

"त्यांना सांगा, तुम्हीच खाल्लीत." आणि पुन्हा मॅच. नवी बॅटरी मिळेल का विचारलं, तर या मापाची आता कुणी बनवत नाही. आतली डिंकानं चिकटवलेली, काढताना पडदा जाईल. मग म्हणाला, अजून थोडी धुगधुगी आहे, जपून वापरली तर चार-सहा महिने काढाल.

घरी येताना रस्ता चुकलो. रोजचा रस्ता.

१२ मार्च

एवढी एकच गोष्ट मला कळत होती जगातली. दुसरं काही आलं नाही मला. हिशेब नाही, चारचौघांत बोलणं नाही, कुणाची मर्जी राखणं नाही. सेल कळत होते. आणि तेच घेऊन मी हिच्या गळ्यावर बसलो. लोक म्हणतात ते खोटं नाही, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

१३ मार्च

हिला नवे नियम सांगितले. वीसच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही. पडद्याचा उजेड कमी. बोलायचं ते गरजेपुरतं. दार वाजलं, डॉक्टर आले, लेकीचा फोन आला, तर. बाकी पाटी आहेच.

म्हणाली, "आणि संध्याकाळचं?"

"ते बंद."

"का?"

"बॅटरीला सोसत नाही."

खरं कारण जिभेवर आलं होतं. मीच मारली तुझी डबी, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "दूध उतू जाईल बघ." दूध गॅसवर नव्हतंच.

"बरं," म्हणाली. चहानंतर बघितलं तर गॅलरीत एकच खुर्ची होती. दुसरी हिनं आत नेऊन त्यावर धुतलेले कपडे ठेवले होते.

२२ मार्च

ही मन लावून साथ देतेय, हे मान्य केलं पाहिजे. मी म्हटलं गरजेपुरतं, तर हिनं बोलणंच टाकलं. लेकीच्या फोनवरही मला पुढे करते. पाटीवरही एखादाच शब्द. "मीठ." "पाऊण." "झोपा." डबी तीन दिवस पंचावन्नवर आहे, हलायला तयार नाही. बॅटरीच्या दृष्टीनं याहून चांगलं काय?

पण घर खायला उठतं. घड्याळ आहे, नळ आहे, वरच्या मास्तरणीच्या चपला आहेत. ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर असंच होतं. तेव्हा मला वाटायचं, डबी आली की संपेल हे. डबी समोर टेबलावर आहे.

मी एकदा म्हटलं, "अगं, थोडं बोललीस तरी चालेल. पंचावन्न आहे." हिनं डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाटी घेऊन लिहिलं, "गरज काय?"

३१ मार्च

उन्हाळा चढलाय. डबी हाताला गरम लागते, नुसती ठेवली तरी. बंदरावर आम्ही जादा सेल थंड कपाटात ठेवायचो, ते आठवलं. काल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या पातेल्याशेजारी. सकाळी हिनं फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. मी धावत गेलो. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब. जित्याची खोड, दुसरं काय! पंख्याखाली पुसत बसलो. ही काही म्हणाली नाही. निदान चार शब्द सुनवायचे होते. पूर्वी काय तोंड होतं हिचं. मी अर्धा भिजलेला घरी आलो तरी दारातच पंचवीस वाक्यं.

चालू होते अजून. देव पावला.

६ एप्रिल

सकाळी डबी टेबलावर ठेवली तर डुगडुगायला लागली. उलटी करून बघितली. पाठ फुगलीय. एका बाजूनं झाकण उचललं गेलंय आणि फटीतून चंदेरी काहीतरी दिसतंय, उशीसारखं टम्म. बंदरावर असं कधी बघितलं नव्हतं.

मोबाईलवाल्यानं या वेळी मॅच सोडून वर बघितलं. डबी बघताच खुर्ची मागे सरकवली. "काका, ही दुकानात ठेवू नका. हिला आता चार्जर लावायचा नाही. कधीच नाही. दाबायची नाही, टोचायची नाही. पेट घेते."

"उघडून बघितलं तर?"

"मी हात लावणार नाही. सरळ घंटागाडीतही टाकू नका, जमा करायची जागा असते. तोवर वाळूच्या बादलीत घालून घराबाहेर ठेवा."

"पण आत अजून एक्केचाळीस टक्के आहेत," मी म्हटलं.

"आहेत तेवढेच आहेत," तो म्हणाला.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. लोक ओलांडून जात होते. डबी मांडीवर होती आणि ती पेटली तर पेटू दे, असं खरंच वाटलं. दोघांचं एकदम संपेल. मग वाटलं, ही घरी एकटी आहे.

७ एप्रिल

आज सांगितलं हिला. फुगलीय, पुन्हा भरता येणार नाही, एक्केचाळीस टक्के आहेत, ते संपले की संपलं. आणि धीर करून पुढचंही म्हटलं, "माझ्यामुळे. रोज तळाला नेली ना आपण, त्यानं."

ही गहू निवडत होती. हात थांबले नाहीत. मला वाटलं रडेल, ओरडेल, म्हणजे ओरडल्यासारखं काहीतरी करील. काहीच नाही.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा सगळं तिलाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रिकामी करणं वाईट असतं ते. डबी आणली तेव्हाच मी तिला सगळं शिकवलं होतं. ती येताजाता थोडी थोडी भरायची ना? ती बरोबरच करत होती."

मी फोन तसाच धरून स्वयंपाकघरात गेलो. "तुला माहीत होतं? मग मला अडवलं का नाहीस? रोज येऊन खुर्चीत बसत होतीस, खुर्च्या मांडत होतीस! आवाज जाणार हे ठाऊक असताना?"

हिनं खांदे उडवले आणि कढईत पाणी ओतलं.

काय म्हणावं या बाईला? मी अडाणी होतो म्हणून केलं. हिनं जाणूनबुजून बसून स्वतःचा गळा कापून घेतला, आणि कशासाठी? माहेरच्या जिन्याच्या गोष्टी सांगायला? मी विचार करकरून थकलो.

८ एप्रिल

लेक रविवारी येतेय. चांगला माईक आणणार आहे. एक्केचाळीस टक्क्यांत जेवढं बसेल तेवढं रेकॉर्ड करून ठेवू म्हणाली, निदान ऐकायला राहील. तोवर डबीला कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं. बांधकामावरून बादलीभर वाळू आणली, डबी तीत ठेवली आणि बादली गॅलरीत, सावलीच्या कोपऱ्यात.

काय काय बोलून घ्यायचं ते मी ठरवलं. वेळ कमी, म्हणून मोजकं. "अहो." "चहा झालाय." "किल्ली घेतलीत का?" "पडदा ओढा." "अहो, ऐकलंत का?" हे शेवटचं दोनदा. हिला वाचून दाखवलं. हिनं पाटीवर लिहिलं, "एवढंच?"

म्हटलं, "लेकीसाठीही दोन टाकू."

९ एप्रिल

रात्री झोप नाही. जरा टक् झालं की वाटतं, बादली पेटली. उठून बघतो. वाळू जशीच्या तशी. दोन रात्री असंच चाललंय. डोळ्यांत तीच वाळू गेल्यासारखं वाटतं. उद्याचा दिवस काढला की झालं.

१० एप्रिल

दुपारी जेवून आडवा झालो तो अशी गाढ झोप लागली, बऱ्याच दिवसांनी. कसला धसका नाही, काही नाही. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती. ही पलंगाशी खुर्ची घेऊन बसलेली, कपड्यांची खुर्ची, कपडे खाली गादीवर काढून ठेवलेले. माझ्याकडेच बघत होती. चेहरा तजेलदार दिसत होता, पूर्वी माहेरी जाऊन आली की दिसायचा तसा. म्हटलं, "काय बघतेस? मेलो नाही अजून. चहा टाक."

हिनं चहा टाकला. बरं वाटलं आज. लेक उद्या सकाळच्या गाडीनं येईल.

११ एप्रिल

लेक आली. माईक मांडला, दारं-खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. मी वाळूतून डबी काढली, फडक्यानं पुसली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं. पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं, रिकामं, एक लाल रेघ, आणि तेही गेलं.

मी वेड्यासारखा बडबडायला लागलो. उष्णतेनं गळाली असेल, फुगलेला सेल आपोआप उतरतो, कालच काढायला हवी होती, मोबाईलवाल्यानं सांगायला हवं होतं. लेक म्हणत होती, बाबा, शांत व्हा. तेवढ्यात हिनं माझ्या दंडाला हात लावला आणि पाटी पुढे धरली.

"काल दुपारी मी बोलले. संपवली."

"कुणाशी?" मी ओरडलो. लेकीसमोर असा आवाज मी कधी काढला नव्हता. "कोण आलं होतं काल? ती मास्तरीण? अगं, शेवटचं होतं ते! मी सांगितलं होतं हात लावू नको म्हणून! कुणाशी बोललीस?"

हिनं पुसलं आणि खाली लिहिलं, अगदी नीट, शाळेतल्यासारखं अक्षर काढून.

"तुमच्याशी. तुम्ही झोपला होतात."

लेक उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

मी म्हटलं, "मग उठवलं का नाहीस मला?" हिनं बोटांवरची खडूची धूळ झटकली. म्हटलं, "काय बोललीस? एक्केचाळीस टक्के! पाव-अर्धा तास तरी बोलली असशील. काय बोललीस एवढं?"

हिनं पदरानं पाटी पुसली. मला वाटलं आता लिहील. पाटी भिंतीशी लावून ठेवली आणि लेकीला काय हवं ते बघायला गेली.

१२ एप्रिल

लेक सकाळी गेली. डबी जमा करायच्या ठिकाणी ती घेऊन गेली, वाळूसकट.

दुपारी जेवून मी तिथेच आडवा झालो, त्याच कुशीवर. डोळे मिटले. झोप आली नाही, पण पडून राहिलो. माणूस झोपला तरी कान झोपत नाहीत म्हणतात. माझ्या उशाशी बसून, माझ्या बायकोच्या आवाजात, "अहो"नं सुरू करून कुणीतरी एवढा वेळ बोललं, तर त्यातलं काहीतरी आत गेलंच असेल. स्वप्न पडलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. हिनं मध्येच येऊन माझ्या अंगावर चादर घातली आणि गेली.

एक शब्द आठवत नाही.